शिणलेल्या माणसाला गद्दार म्हणू नका



आपल्या चळवळीत माणूस मारायची एक सोपी रीत आहे. तिला काठी लागत नाही, कोयता लागत नाही. चार जणांत नुसतं म्हणायचं, "तो संपला." बस्स. जो पोरगा दहा वर्षं पोस्टरं चिकटवत होता, निवेदनं लिहीत होता, पोलीस ठाण्याच्या पायरीवर रात्री काढत होता, तो तीन बैठकांना आला नाही की आपण निकाल देऊन मोकळे. संपला. विकला गेला. बायकोच्या पदराला लागला. पांढरपेशा झाला. एकजण तरी त्याच्या घरी जाऊन विचारतो का, की बाबा, तुला रात्री झोप येती का?

नाही विचारत. कारण आपल्याकडं दोनच वह्या आहेत. एक हुतात्म्यांची, दुसरी गद्दारांची. जो मेला नाही आणि विकलाही गेला नाही, नुसता शिणला, त्याचं नाव कुठं लिहायचं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. मग तो आपोआप दुसऱ्या वहीत जातो. हे लिहिणं त्या माणसाच्या बाजूनं आहे. कुणाला ते झोंबलं तर झोंबू द्या.

शीण म्हणजे काय ते आधी सरळ बोलू. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून अंग मोडतं ते वेगळं. ते अंग रात्री पडलं की सकाळी परत उभं राहतं. मनाचा शीण झोपेनं जात नाही, कारण मुळात झोपच यीना. डोळा लागला तर पहाटे तीनला उघडतो, आणि मग पत्र्याकडं बघत पडायचं. फोन वाजला की छातीत धस्स होतं. कुठल्या गावात मारहाण झाली असं कळलं की पूर्वी रक्त उसळायचं. आता आतून कुणीतरी म्हणतं, "हं, अजून एक." आणि असं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटती. चार ओळींचं निवेदन लिहायला सकाळ जाती. लेकरानं पेन मागितला तरी त्याच्यावर खेकसायला होतं. जुन्या साथीदाराचं तोंड बघू वाटंना. आणि सगळ्याच्या वर एक प्रश्न जेवताना ताटात येऊन बसतो: एवढं केलं, त्यानं झालं काय?

आमच्या आया याला साध्या शब्दांत सांगतात. जीव शिणलाय. मन लागंना. डोकं चालंना. शिकलेल्यांनी याला 'बर्नआउट' असं नाव दिलंय आणि ते वापरतात असं, की जणू हा पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसातल्या साहेबांचाच रोग आहे. आता हा शब्द कुठून आला ते ऐका. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचा एक मानसशास्त्रज्ञ. जर्मनीत जन्मलेला ज्यू, पोरवयात नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आलेला. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी एक मोफत दवाखाना होता. तिथं लोक मनापासून, बिनपगारी राबायचे. हाही आपलं दिवसाचं काम उरकून रात्री तिथं जायचा. त्यानं पाहिलं की काही महिन्यांतच हे जीव ओतणारे लोक विझायला लागतात. चिडके होतात, थंड होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्यावरच वैतागतात. तो स्वतःही त्यात होरपळला. १९७४ ला त्यानं यावर लिहिलं आणि त्या अवस्थेला हे जळून जाण्याचं नाव दिलं. म्हणजे हा शब्द कंपनीच्या मॅनेजरवरून सुचलेला नाही. तो चळवळ्या माणसावरून सुचला. आणि त्या माणसाचं सांगणं असं, की जो सगळ्यात मनापासून लागतो तोच आधी जळतो. कामचुकार कधी जळत नसतो.

पुढं क्रिस्टिना मॅस्लाक या बाईंनी याच्या तीन खुणा सांगितल्या. आतून रिकामं होणं. माणसांबद्दल कोरडेपणा येणं. आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. आता तालुक्यातल्या 'संपलेल्या' कार्यकर्त्यांची नावं मनात आणा आणि या तीन खुणा लावून बघा. गद्दारीची एक तरी खूण सापडती का ते मला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला ही अवस्था आपल्या यादीत घेतली. पण घेताना सांगितलं की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यानं येणारी ही अवस्था आहे. ठीक. पण आमच्या कार्यकर्त्याचं कामाचं ठिकाण कोणतं? त्याची हजेरी कुठं लागती? त्याची किरकोळ रजा कोण मंजूर करतं? त्याला रविवार कधी असतो? ज्या यादीत नोकरदाराचा थकवा बसतो तिच्यात आमचा बसत नाही. तो आपला आपणच मांडला पाहिजे.

तर मांडू. आपला माणूस दिवसाला तीन पाळ्या करतो.

पहिली पाळी पोटाची. नांदेडच्या मोंढ्यात हमाली, लातूरला बांधकामावर, कुणी ऑटो चालवतो, कुणी विनाअनुदानित शाळेवर फुकट शिकवतो आणि पगार कधी सुरू होईल म्हणून वर्षं मोजतो. दुसरी पाळी चळवळीची. ती संध्याकाळी सुरू होती आणि कधी संपंल याचा नेम नाही. तिसरी पाळी जातीची, आणि ती चोवीस तासांची. लातूरला पोरगं शिकायला ठेवायचं म्हणून खोली बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. ऑफिसात कुणी हसून "तुम्हाला काय, सवलती आहेत" म्हणतो. दरवेळी ठरवावं लागतं, आता बोलायचं की गिळायचं? बोललं तर भांडखोर, गिळलं तर ते पोटात सडतं. हे दिवसातून किती वेळा ठरवावं लागतं ते मोजा. सवर्ण माणसाचा मेंदू त्या वेळात विसावा घेतो, आपला पहाऱ्यावर असतो. मग म्हणतात, यांना पटकन राग येतो. बाबा रे, पहाऱ्यावरच्या माणसाला झोप दिली नाही तर तो चिडणारच.

लातूर पॅटर्नचा डंका साऱ्या महाराष्ट्रात वाजला. सकाळी ट्यूशन, दुपारी कॉलेज, रात्री टेस्ट. त्या रगाड्यात कुणाचंही पोरगं पिळून निघतं, हे खरं. पण एका पोराच्या मागं बापाची दहा एकर असती, नापास झाला तर जमीन आहे. आपल्या पोराच्या मागं बचतगटाचं कर्ज असतं आणि पुढं सगळ्या वस्तीचे डोळे. त्याची शिष्यवृत्ती अडकलेली, मेसवाला दारात उभा, आणि संध्याकाळी त्यालाच आपण जयंतीच्या बैठकीला बोलावतो. तो येतो. नाही म्हणत नाही. आणि एक दिवस तो फोन उचलायचं बंद करतो. आपण म्हणतो, माजला.

आता या दुसऱ्या पाळीतलं सगळ्यात चेंगरणारं काम घ्या. अत्याचाराची केस. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपण घोकलेला आहे. कागदावर तो काय म्हणतो? साठ दिवसांत तपास पुरा करून दोषारोपपत्र दाखल करा. २०१५ च्या दुरुस्तीनं सांगितलं की विशेष न्यायालयात रोजच्या रोज सुनावणी घ्या आणि शक्यतो दोन महिन्यांत निकाल द्या. आणि प्रत्यक्षात काय? तारीख. पुन्हा तारीख. मुखेडच्या, देगलूरच्या खेड्यातली बाई मजुरी बुडवून एसटीनं येती. साहेब रजेवर. पुढची तारीख. साक्षीदार गावातच राहतो, त्याचं किराणा दुकान आरोपीच्या भावकीचं, त्याच्या शेळ्या आरोपीच्या बांधावर चरतात. तो तिसऱ्या वर्षी फिरतो. आपण त्याला फितूर म्हणतो. तो फितूर झाला की शिणला? खटला लांबवण्यात आरोपीचा फायदा आहे हे गावच्या पाटलाला चांगलं कळतं. आपल्याला शिणवणं हे त्यांच्या लढाईतलं हत्यार आहे. बहिष्कारानं जे होत नाही ते तारखेनं होतं.

१ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागं होता, असं फिर्यादीत आहे. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, नेते येऊन फोटो काढून गेले. दोन आठवड्यांनी त्या घरात कोण होतं? कोर्टाच्या तारखांना कोण जातं? मोर्चाला हजार लागतात आणि हजार येतात. तारखेला दोघं लागतात, आणि ते दोघं तेच असतात, वर्षानुवर्षं. तेच दोघं जळतात.

आणि आता खिशात फोन आला. पूर्वी अत्याचाराची बातमी पेपरात यायची, तीही चार दिवसांनी. आता रात्री अकराला व्हिडिओ येतो. कुठल्यातरी राज्यात कुणाला खांबाला बांधलंय. आपण बघतो, पुढं ढकलतो, पुन्हा बघतो. ज्या माणसाला आपण वाचवू शकत नाही त्याचा मार अंथरुणात पडून बघायचा, रोज. कोणत्या मेंदूला हे सोसतं? बातमी द्या, नाव-गाव-ठाणं सांगा, काय करायचं ते सांगा. पण मारहाणीची चित्रं ग्रुपवर फिरवून चळवळ होती हा भ्रम टाकून द्या. त्यानं आरोपीचं केसही वाकडं होत नाही. आपलीच माणसं सुन्न होतात.

काही जण म्हणतील, आमच्या बापांनी नामांतर लढलं, त्यांना नव्हता थकवा. चला, नामांतराचाच हिशेब करू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना मारून टाकलं. वस्त्या जळाल्या, माणसं रानात लपली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ ला झाला, नामांतर झालं नव्हतं. नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी प्राण दिला. विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. ठरावाच्या दिवशी जो वीस वर्षांचा होता तो कमान बघायला गेला तेव्हा पस्तिशीचा झाला होता. त्याची डिग्री राहिली, नोकरीची वयोमर्यादा गेली, अंगावर केसेस राहिल्या, लग्न लांबलं. शहिदांना आपण दरवर्षी १४ जानेवारीला वंदन करतो, केलंच पाहिजे. पण मधली साडेपंधरा वर्षं जे जगले त्यांचं पुढं काय झालं, हे कोणत्या स्मरणिकेत छापलंय? थकवा होता हो. बोलायची सोय नव्हती. तो थकवा दारूच्या गुत्त्यावर गेला, घरातल्या मारझोडीत गेला, अबोल होऊन ओसरीवर बसला. आज तुमच्या वस्तीत जो म्हातारा कुणाशी बोलत नाही, त्याला एकदा विचारा, बाबा, अठ्ठ्याहत्तर साली तुम्ही कुठं होता?

दलित पँथर २९ मे १९७२ ला उभी राहिली. जानेवारी १९७४ ला वरळीची दंगल, भागवत जाधव शहीद झाले, कार्यकर्त्यांवर केसेस. त्याच वर्षी फूट. १९७७ च्या मार्चात बरखास्तीची घोषणा. पाच वर्षं. बुद्ध की मार्क्स हा वाद होता, खरा होता, त्यावर ढिगानं लिहिलं गेलं. पण रात्रंदिवस वणवण करणारी, खिशात चहाला पैसे नसलेली, पोलिसांचा मार खाल्लेली पंचविशीतली पोरं एकमेकांवर इतकी का उखडली असतील, याचं सगळं उत्तर विचारसरणीत नाही, असं मला वाटतं. शिणलेला माणूस लवकर संशय घेतो. साध्या मतभेदात त्याला कट दिसतो. आपल्या गटांच्या गटात झालेल्या चिरफळ्या एकदा या डोळ्यांनी वाचा.

आता या शिणावर दुकानं टाकून बसलेले बघू. एक आला सुटाबुटातला. 'सकारात्मक विचार करा.' सकाळी पाचला उठा, आरशात बघून हसा, यश तुमचंच. अरे, वीटभट्टीवरची बाई सकाळी तीनला उठती, तिचं यश कुठं अडलंय ते तिला विचार. दुसरा बाबा. तो म्हणतो दुःख तुमच्या आत आहे. थोडं आत असेल, पण बाकीचं सातबाऱ्यावर आहे, पाणवठ्यावर आहे, ठाण्याच्या डायरीत न नोंदलेल्या फिर्यादीत आहे. तिसरा म्हणतो दहा दिवस मौन बसा. विपश्यनेशी माझं भांडण नाही. ज्याला त्यातून बळ मिळतं त्यानं जरूर बसावं. पण दहा दिवसांची मजुरी कोण देणार, हे सांगितल्याशिवाय हा उपाय हमालाला सांगू नका. आणि चौथा देवऋषी. 'बाहेरचं' झालंय म्हणतो आणि कोंबडं मागतो. त्याच्याबद्दल बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना मी काय सांगू!

दारूचं मात्र बोललंच पाहिजे, कारण ती आपल्या चळवळीचं गुपित औषध आहे. झोप यीना, एक घेतली, झोप लागली. महिन्यानं दोन लागल्या. दारूनं आलेली झोप तुटक असती, ती मेंदूला विसावा देत नाही. दुसऱ्या दिवशी जीव अजून घाबरा होतो, आणि मग पुन्हा तीच. न पिण्याची प्रतिज्ञा आपण पाठ केली, पण ज्या कारणानं हात बाटलीकडं जातो त्यावर कधी बैठक घेतली नाही. पिणाऱ्याला नुसती शिवी घालून प्रतिज्ञा पाळली जात नसती.

आणि बायांचं काय? बैठकीला चहा कोण करतं? सभेहून आलेल्या वीस माणसांची भाकर कोण थापतं? पुरुष कार्यकर्ता थकला की 'चळवळीसाठी झिजला.' त्याची बायको थकली की 'तिला चळवळ कळत नाही.' तिलाही तीन पाळ्या आहेत, आणि तुमच्या घरात चौथी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टाकीवर भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत कोण जागलं? त्या झोपेचा हिशेब कुणाच्या भाषणात आला नाही. आमच्या माय-बहिणींचा शीण धरल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आता नेत्यांनो, तुमच्याकडं येतो. कार्यकर्ता दमला म्हणाला की तुमच्याकडं एकच ठेवणीतलं वाक्य असतं. "बाबासाहेब अठरा अठरा तास काम करायचे, तुम्हाला कसला थकवा?" बाबासाहेबांचं नाव घेऊन पोरांचं तोंड बंद करता? मग सगळंच सांगा ना. १९४८ च्या सुरुवातीला, घटनेच्या मसुद्याच्या दिवसांत, त्यांना मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं बेजार केलं होतं. ते मुंबईला येऊन डॉक्टरांच्या उपचारात राहिले. तिथंच माईसाहेबांची, म्हणजे डॉ. शारदा कबीर यांची ओळख वाढली. उतारवयात त्यांनी व्हायोलिन हातात घेतलं, शिकायला माणूस ठेवला. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा त्यांचं वय ६५ होतं. त्यांनी देह जाळला, कारण ते काम करायला तेव्हा दुसरा माणूस नव्हता. आज आपण लाखोंनी आहोत. हजार जणांनी पाळी लावून करायचं काम एका पोरावर टाकायचं आणि वर त्याला अठरा तास ऐकवायचे, हा बाबासाहेबांचा आदर्श नव्हे. हे वेठबिगारीचं नवं रूप आहे.

आणि बाबासाहेबांनी आपल्याला ज्याच्या वाटेवर आणलं तो बुद्ध काय सांगतो? सोण नावाचा एक भिक्खू होता. चालत ध्यान करता करता त्याचे पाय रक्तानं भरले, तरी हाती काही लागंना, तेव्हा तो घरी परत जायच्या विचारात पडला. बुद्धानं त्याला गद्दार म्हटलं नाही. बुद्ध त्याच्याकडं आला आणि विचारलं, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर निघतो का? फार ढिली सोडली तर निघतो का? मग जोर बेतानं लाव. मध्यम मार्ग भाषणात सांगायचा आणि कार्यकर्त्याची तार तुटेपर्यंत ताणायची, हे कसं चालंल?

दुसरी गोष्ट विनयपिटकातली. एक भिक्खू हगवणीनं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे बघत नव्हते, का तर तो कुणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धानं आणि आनंदानं त्याला आपल्या हातानं धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघाला गोळा करून सुनावलं: तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना बघणार नसाल तर कोण बघंल? आपल्या संघटनेत जो उपयोगाचा राहिला नाही त्याच्याशी आपण कसं वागतो, ते या गोष्टीशेजारी ठेवून बघा.

मग करायचं काय? माझ्याकडं जादू नाही. पण गाव-तालुका पातळीवर उद्यापासून करता येतील अशा गोष्टी आहेत.

एक. कुठलंही काम एका नावावर ठेवू नका. प्रत्येक केसला दोन माणसं, आणि सहा महिन्यांनी त्यातलं एक बदला. फाईलची झेरॉक्स दोघांकडं पाहिजे. ज्याच्याशिवाय काम अडतं तो माणूस मोठा नाही, तो अडकलेला आहे.

दोन. रात्रीचा माणूस ठरवा. रात्री दहा ते सकाळी सहा एकाचाच फोन चालू, आठवड्यानं पाळी बदलायची. बाकीच्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचं. रोज ठरल्या वेळी झोपणं आणि उठणं हे मनाच्या शिणावरचं पहिलं औषध आहे आणि ते फुकट आहे.

तीन. रजा द्या. १४ एप्रिलची धावपळ झाली की ज्यांनी ती उचलली त्यांना दोन आठवडे कुणी काम सांगायचं नाही. ही रजा ठरावाच्या वहीत लिहा, म्हणजे ती मागायला लाज वाटणार नाही.

चार. पैशाचं बोला. एसटीचं भाडं, झेरॉक्स, बुडालेली मजुरी. हे खिशातून जातं आणि घरात भांडणं होतात. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये पीडित आणि साक्षीदार यांना तपासाला, तारखेला यायचा प्रवासखर्च, बुडालेल्या दिवसाचा भत्ता, जेवणाचा खर्च मिळाला पाहिजे, हे १९९५ च्या नियमांत आहे. कायद्यातलं कलम १५-क हाच हक्क सांगतं. किती जणांनी अर्ज केले? जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांनी बसली पाहिजे. तिथं तारखांचा आणि भत्त्यांचा प्रश्न लेखी टाका. त्यांनी आपल्याला शिणवायचं आणि आपण त्याचा खर्चही भरायचा, हे बंद.

पाच. बैठक नवाला संपवा. कपबश्या पुरुषांनी विसळा. बायांना घरी पोचायची सोय आधी, भाषणं नंतर.

सहा. गाणं सोडू नका. भीमगीतांची रात्र, जलसा, वस्तीतलं एकत्र जेवण. तिथं ठराव नको, वर्गणी नको. हसलेल्या माणसांचीच लढाई लांब चालती.

आता एक फरक नीट ध्यानात ठेवा. शीण आणि आजार एक नाहीत, पण शिणातून आजारात पाय घसरतो. कामापासून लांब गेलं, झोप मिळाली की शीण उतरू लागतो. पण दोन आठवडे सलग मन मेलेलं, कशातच गोडी नाही, भूक-झोप बिघडलेली, आपण नालायक आहोत असं सारखं वाटतंय, मरणाचे विचार येतायत, तर तो आजार असू शकतो, आणि त्याला डॉक्टर लागतो. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मानसोपचाराचा विभाग असतो. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मधेच सोडू नका, डॉक्टरला विचारूनच बंद करा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हा उपचार सरकारकडून मिळणं हा हक्क केलाय, आणि जातीवरून त्यात भेदभाव करायचा नाही असं त्यात लिहिलंय. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं, आणि चारही मराठवाड्याच्या बाहेर. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर ठरल्या दिवशी आलाच पाहिजे, ही आपल्या मोर्च्याची मागणी व्हायला पाहिजे. पाणी, रस्ता, स्मशानभूमी, तशीच ही.

आणि कुणी साथीदार मरणाचं बोलला तर हसण्यावारी नेऊ नका, प्रवचन देऊ नका. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतंय का? विचारल्यानं ते मनात भरत नसतं, उलट बोलायला वाट मिळती. त्याला एकट्याला सोडू नका, सोबत दवाखान्यात जा. हुतात्म्यांची वही पुरेशी भरली आहे. हैदराबादच्या विद्यापीठात २०१६ ला रोहित गेला. मुंबईला २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. व्यवस्थेनं त्यांचा श्वास कोंडला, हे ठणकावून सांगत राहू. पण तुमचं नाव त्या यादीत आम्हाला नको आहे. तुम्ही म्हातारे झालेले आम्हाला पाहिजेत.

तर पुढच्या बैठकीत निषेधाच्या ठरावांआधी एक ठराव घ्या. मागच्या दोन वर्षांत जे यायचे बंद झाले त्यांची यादी करा. प्रत्येकाच्या घरी दोघांनी जायचं. का आला नाहीस, असं विचारायचं नाही. काम सांगायचं नाही. चहा प्यायचा, लेकरांची चौकशी करायची, झोप येती का विचारायचं, आणि तो बोलायला लागला की ऐकायचं. परत आला तर बरंच आहे. नाही आला तरी तो आपलाच आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

यादी याच आठवड्यात करा.

जयभीम.